शेकडो नोड, एक फाइल सर्व्हर: एनएफएससाठी यूडीपी, टीसीपी की आरडीएमए?

२०१३ च्या मे महिन्यात आमच्या क्लस्टरवर, म्हणजे नेटवर्कनं जोडून एकत्र राबवलेल्या यंत्रांवर (त्यातलं प्रत्येक यंत्र म्हणजे एक नोड), एका पंप बॉडीचं कास्टिंग सिम्युलेशन चाललं होतं. वितळलेलं लोखंड साच्यात कसं भरतं, कुठे आधी गोठतं, पोकळी कुठे राहते, हे आधीच कळलं की बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीची एक हीट (भट्टीतलं एका वेळचं लोखंड) वाया जायची वाचते. निकाल आला तेव्हा त्यात धातूचा एक ठिपका साच्याच्या बाहेर हवेत लटकत होता. मेशच्या (आकार बारीक तुकड्यांत मांडलेल्या जाळीच्या) फाइलमध्ये कुठेतरी आकडे बिघडलेले. नोडच्या स्वतःच्या डिस्कवर तीच फाइल चोख होती आणि सर्व्हरवर पोचलेली प्रत वेगळी. दोन्ही फाइली बाइटला बाइट लावून पाहिल्या, तेव्हा सहा जीबीच्या फाइलमध्ये फक्त १,४८० बाइटांचा एक तुकडा चुकीचा सापडला. तो तुकडा त्याच फाइलच्या दुसऱ्याच भागातला होता. लॉगमध्ये एकही एरर नव्हती.

१,४८० हा आकडा पाहून मी सकाळपर्यंत झोपले नाही. साध्या इथरनेटच्या १,५०० बाइटांच्या पॅकेटमधून आयपीचं २० बाइटांचं हेडर (पत्ता वगैरे लिहिलेला मथळा) वजा केलं की हाच आकडा उरतो. म्हणजे फाइल डिस्कवर बिघडली नव्हती, वाटेत चुकीची शिवली गेली होती. आमचं एनएफएस, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून आपल्याच डिस्कवरच्यासारख्या वापरायची सोय, तेव्हा यूडीपीवर चालत होतं. यूडीपी, टीसीपी नि आरडीएमए हे तो डेटा वाहून न्यायचे तीन प्रोटोकॉल, म्हणजे तीन पद्धती. माझ्या आधीच्या माणसानं लिहिलेली माउंटची, म्हणजे सर्व्हरचा फोल्डर नोडला जोडायची, ओळ तशीच पुढे आली होती, आणि ती बदलायची जबाबदारी माझी असूनही मी ती बदललेली नव्हती.

तेव्हा ६४ नोड होते, आज २२० आहेत. मधल्या काळात पुण्यातल्या नि बेंगळुरूमधल्या मित्रमैत्रिणींची याहून मोठी क्लस्टरं मी जवळून पाहिली. आता इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं विचारायला येतात, "मॅडम, प्रोटोकॉल कुठला घालूया?" त्यांना मी जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते. आज्ञा नि ऑप्शन उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना नेहमीच्या अक्षरांत करा.

आधी स्वतःचा भार ओळखा

प्रोटोकॉल निवडायच्या आधी दोन दिवस नुसतं मोजमाप करा. क्लायंट (सर्व्हरकडे फाइली मागणारी यंत्रं) किती, फाइली मोठ्या की बारीक, सगळे एकाच वेळी लिहितात की आपापल्या वेळेला, सर्व्हर त्याच खोलीत आहे की दुसऱ्या गावात. ही चार उत्तरं कागदावर उतरली की अर्धी निवड झालेली असते.

यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही. नोडवर 'एनएफएसस्टॅट -सी' चालवा: एकूण किती कॉल (सर्व्हरला विचारलेले प्रश्न) गेले आणि त्यातले किती पुन्हा पाठवावे लागले ते दिसतं. 'एनएफएसआयओस्टॅट' दर सेकंदाला वाचन आणि लेखन वेगवेगळं दाखवतं. सगळ्यात बोलकी फाइल म्हणजे '/प्रॉक/सेल्फ/माउंटस्टॅट्स'. तिच्यात प्रत्येक प्रकारच्या कॉलची संख्या, रांगेत थांबलेला वेळ, सर्व्हरकडून उत्तर यायला लागलेला वेळ, सगळं सुटं सुटं लिहिलेलं असतं.

इथे बहुतेकांची पहिली निराशा होते. 'गेटअ‍ॅटर', 'लुकअप', 'अ‍ॅक्सेस' (फाइलची माहिती, नाव नि परवानगी विचारणाऱ्या) या कॉलचे आकडे 'रीड' आणि 'राइट' यांच्या कित्येक पट असतील, तर तुमचा त्रास प्रोटोकॉलचा नाही. पायथनचा एखादा मोठा प्रोग्राम सुरू होताना हजारो बारीक फाइली शोधतो. २२० नोडांवर तो एकदम सुरू केला की सर्व्हरवर लाखो छोट्या प्रश्नांचा पाऊस पडतो. अशा वेळी महागडं कार्ड घालून थोडं बरं वाटेल, पण दुखणं जाणार नाही. ते प्रोग्राम प्रत्येक नोडच्या डिस्कवर उतरवा, किंवा एका मोठ्या इमेज फाइलमध्ये बांधून द्या. आमच्याकडे एवढ्यानंच जॉब सुरू व्हायचा वेळ चार मिनिटांवरून वीस सेकंदांवर आला, आणि त्यात प्रोटोकॉलला हातही लावला नव्हता.

यूडीपी: का होता आणि का सोडायचा

यूडीपी निवडणारे लोक अडाणी नव्हते. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८० च्या दशकाच्या मध्याला एनएफएस बाहेर आणलं, तेव्हा त्यामागे पक्का विचार होता. सर्व्हरनं कुठल्याही क्लायंटची आठवण ठेवायची नाही. क्लायंटनं विचारायचं, सर्व्हरनं उत्तर द्यायचं, उत्तर आलं नाही तर क्लायंटनं पुन्हा विचारायचं. सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तरी क्लायंटला फक्त थोडा उशीर जाणवायचा. यूडीपी या विचाराला नेमका बसणारा होता: जोडणी नाही, हिशेब नाही, सर्व्हरची मेमरी खर्च नाही. मोठ्या क्लस्टरवाल्यांना तर हे फारच सोयीचं. हजार क्लायंट असले तरी सर्व्हरला एकच सॉकेट (बोलायचं दार) पुरतं.

अडचण आहे ती तुकड्यांची. माझे मामा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होते, म्हणून मी हे नेहमी पोत्यांच्या हिशेबात सांगते. समजा एका लॉटची २३ पोती आहेत आणि ती २३ वेगवेगळ्या टेम्पोंतून जातात. प्रत्येक पोत्यावर लॉट नंबरची चिठ्ठी. वखारीचा नियम असा, की २३ च्या २३ पोती आल्याशिवाय लॉट आत घ्यायचा नाही. एक टेम्पो कोगनोळीला अडकला, तर उरलेली २२ पोती टाकून द्यायची आणि पुन्हा सगळी २३ मागवायची.

यूडीपीवर ३२ केबीचं एक लेखन पाठवलं, की १,५०० बाइटांच्या नेटवर्कवर त्याचे असेच २३ तुकडे होतात. हजारात एक पॅकेट हरवत असेल, तर ऐकायला ते किरकोळ वाटतं. पण २३ पैकी एकही हरवला तरी सगळं लेखन फुकट, म्हणून शंभरातली दोन-सव्वादोन लेखनं पुन्हा करावी लागतात. पुन्हा पाठवल्यानं गर्दी वाढते आणि गर्दीनं आणखी पॅकेटं हरवतात. नेटवर्क तुंबलंय म्हणून जरा हात आखडता घ्यावा, ही समज यूडीपीत मुळातच नाही. क्लायंट कमी असताना ते चालून जातं. शेकडो क्लायंट एकाच सर्व्हरवर तुटून पडले की सगळं एकदम कोसळतं.

वेग गेला तर निदान कळतं. मला जास्त भीती वाटते ती चिठ्ठीची. आयपीच्या हेडरमध्ये तो लॉट नंबर लिहायला फक्त १६ बिट आहेत, म्हणजे ६५,५३६ नंबर झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अर्धवट लॉट लिनक्स नेहमीच्या सेटिंगनुसार ३० सेकंद जपून ठेवतं. आता हिशेब करा. एक गिगाबिटच्या वायरवर सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात, म्हणजे ३२ केबीची साडेतीन हजारांच्या आतबाहेर लेखनं. ६५,५३६ नंबर वीसेक सेकंदांत संपतात. दहा गिगाबिटवर दोनच सेकंदांत. म्हणजे जुन्या लॉटची अर्धवट पोती वखारीत पडलेली असतानाच त्याच नंबरचा नवा लॉट दारात येतो, आणि हमाल जुन्या लॉटचं एक पोतं नव्यात रचून मोकळा होतो. यूडीपीचा चेकसम, म्हणजे डेटासोबत जाणारी ताळ्याची बेरीज, ही चूक बहुतेक वेळा पकडतो. पण तोही १६ बिटांचाच, त्यामुळे साधारण ६५,५३६ चुकांतली एक त्याच्या हातून निसटते. दिवसरात्र टेराबाइटांनी माल जातो तिथे ती एक कधी ना कधी येतेच. आमच्या पंप बॉडीच्या वाट्याला ती आली, असं त्या १,४८० बाइटांवरून मी मानते. टीसीपीवर गेल्यापासून तसा तुकडा पुन्हा सापडलेला नाही, आणि आम्ही प्रत्येक मोठी फाइल तपासतो.

जंबो फ्रेम लावून, म्हणजे पॅकेट ९,००० बाइटांचं करून तुकडे कमी होतात. त्यामुळे धोका कमी होतो, जात नाही.

ज्यांनी हे प्रोटोकॉल घडवले त्यांनीही हात झटकले आहेत. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला गर्दी सांभाळणारा ट्रान्सपोर्ट सक्तीचा आहे, म्हणजे प्रत्यक्षात टीसीपी. लिनक्स विकणाऱ्या रेड हॅट कंपनीनं आपल्या आठव्या आवृत्तीपासून यूडीपीवरच्या एनएफएसचा आधार काढून घेतला, आणि २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) तो मुळातूनच बंद येतो. तरीही जुन्या स्क्रिप्टमध्ये 'यूडीपी' हा शब्द अजून सापडतो. तुमच्या ऑटोमाउंटच्या (गरजेप्रमाणे आपोआप माउंट करणाऱ्या सोयीच्या) नकाशांत, म्हणजे याद्यांत, आजच शोधा. सापडला तर पुढचं वाचायच्या आधी तो काढायची तारीख ठरवा.

टीसीपी: सुरुवात इथूनच

दुसरं काही घ्यायचं सबळ कारण हाती येईपर्यंत टीसीपी घ्या. त्यात प्रत्येक बाइटाला क्रमांक असतो. एक पॅकेट हरवलं तर तेवढंच परत पाठवलं जातं, आणि वाट तुंबली की पाठवणारा स्वतःहून वेग कमी करतो. माझी माउंटची ओळ अशी असते: 'व्हर्स=४.२, प्रोटो=टीसीपी, हार्ड, आरसाइझ=१०४८५७६, डब्ल्यूसाइझ=१०४८५७६'. एका कॉलमध्ये एक एमबी ही लिनक्सची नेहमीची वरची मर्यादा आहे. सर्व्हर कमी देत असेल तर क्लायंट आपोआप खाली येतो.

'टाइमओ' या ऑप्शनपासून सावध राहा. हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. टीसीपीसाठी तो मुळात ६००, म्हणजे पूर्ण एक मिनिट असतो. यूडीपीच्या काळात ७ किंवा १४ लिहायची पद्धत होती. यूडीपीवरून टीसीपीवर येताना आम्ही 'प्रोटो' बदललं आणि 'टाइमओ=१४' तसंच राहिलं. रात्री सगळ्या नोडांनी एकदम चेकपॉइंट (आतापर्यंतच्या कामाची प्रत) लिहायला घेतला, सर्व्हर दीड सेकंद दमला, आणि ६४ क्लायंटांनी उत्तराची वाट न पाहता जोडण्या तोडून पुन्हा जोडायला सुरुवात केली. सर्व्हर उठून बसेपर्यंत तेच काम दुसऱ्यांदा त्याच्या डोक्यावर. खानापूरहून येणारा माझा सहकारी फोनवर म्हणाला, "मॅडम, समदी नोडं गप पडल्यात की!" ऑप्शन काढून टाकला आणि सगळं सुरळीत झालं. टीसीपी हरवलेलं पॅकेट स्वतः परत पाठवतं, त्याच्या वरून घाई करायची गरज नसते.

'सॉफ्ट' आणि 'हार्ड' यांतला फरक मला वळवाच्या पावसानं शिकवला. बेळगावात एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला वारा सुटतो आणि वीज लपलप करते. सर्व्हर, नोड सगळे यूपीएसवर होते, फक्त मधला एक स्विच नव्हता. तो दोन मिनिटं बंद पडला. काही माउंट 'सॉफ्ट' होते. तिथल्या प्रोग्रामांना लिहिताना एरर मिळाली, ती त्यांनी गिळली आणि अर्धवट फाइल बंद करून काम संपल्याचं कळवलं. 'हार्ड' माउंटवरचे प्रोग्राम नुसते थांबले आणि स्विच उठल्यावर पुढे चालू लागले. लिहिण्याजोग्या माउंटला 'हार्ड'च हवा. आणि स्विच यूपीएसवर घ्या.

तिसऱ्या आवृत्तीवर असाल तर आणखी एक गोष्ट. डेटा टीसीपीवर गेला तरी माउंट करायची पहिली बोलणी वेगळ्या सेवेशी होतात आणि ती यूडीपीवर होऊ शकतात. फायरवॉलनं यूडीपी बंद केला की माउंट अडकून बसतं आणि माणूस भलतीकडेच शोधत राहतो. 'माउंटप्रोटो=टीसीपी' लिहा. चौथ्या आवृत्तीत ही भानगड संपली, सगळं २०४९ या एकाच पोर्टवर चालतं. माझ्या मते आवृत्ती बदलायला हे एकच कारण पुरेसं आहे.

क्लस्टर मोठं झालं की टीसीपीची दुखणी

टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट ज्यांनी संध्याकाळी पाहिलंय त्यांना हे लगेच समजेल. गाडी गेली, गेट उघडलं, दोन्ही बाजूंच्या सगळ्या स्कूटर, रिक्षा, गाड्या एकाच क्षणी रुळांवर. कोणीच हलत नाही. २२० नोड एकाच सेकंदाला एका सर्व्हरकडे लिहू लागतात, तेव्हा स्विचच्या ज्या एका पोर्टमागे सर्व्हर आहे तिथे हेच होतं. त्या पोर्टची साठवण जागा भरते आणि पॅकेटं गळायला लागतात. थोडीच गळली तर टीसीपी लगेच सावरतं. पण एखाद्या क्लायंटची शेवटची सगळीच पॅकेटं गेली, तर ती गेल्याचा इशारा द्यायलाही मागे काही उरत नाही, आणि त्याला टायमर संपेपर्यंत थांबावं लागतं. लिनक्समध्ये हा टायमर कमीत कमी २०० मिलिसेकंदांचा. खोलीतल्या खोलीत पॅकेट जाऊन यायला ०.१ मिलिसेकंद लागत असेल, तर ती वाट नेहमीच्या दोन हजार पट लांब झाली. आलेखात वायर मध्येच रिकामी दिसते आणि सगळे थांबलेले असतात.

हे ओळखायला नोडवर 'एसएस -टीआय' चालवा आणि २०४९ पोर्टच्या जोडणीपुढे 'रिट्रान्स' वाढतंय का पाहा. स्विचवर सर्व्हरच्या पोर्टचे 'ड्रॉप' पाहा. उपायांचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी जॉब शेड्यूलरमध्ये चेकपॉइंटच्या वेळा पुढेमागे करा, त्याला खर्च शून्य. मग सर्व्हरची वायर नोडांपेक्षा जाड करा: नोड दहा गिगाबिटवर असतील तर सर्व्हर शंभरवर. त्यानंतर गर्दीची खूण करणारे स्विच आणि ती खूण वाचून वेग आवरणारा टीसीपीचा प्रकार, डीसीटीसीपी. पण ते सगळ्या स्विचवर नि सगळ्या यंत्रांवर एकसारखं लावता येणार असेल तरच हात घाला, अर्धवट लावलेलं नुकसान करतं.

दुसरं दुखणं जोडण्यांचं. लिनक्सचा क्लायंट एका सर्व्हरशी साधारण एकच टीसीपी जोडणी ठेवतो, मग माउंट कितीही असोत. जाड वायरवर ती एक जोडणी एका प्रोसेसरपाशी अडते. २०१९ मध्ये आलेल्या ५.३ कर्नलपासून 'एनकनेक्ट' लिहून १६ पर्यंत जोडण्या मागता येतात. हे वाचून लगेच १६ लिहू नका. २२० गुणिले १६ म्हणजे ३,५२० जोडण्या, प्रत्येकीची साठवण जागा सर्व्हरच्या मेमरीत. शिवाय रेल्वे गेटवर गर्दी करणारे तितके जास्त. आमच्याकडे सगळ्या कॉम्प्युट नोडांना एकच जोडणी आहे, आणि निकाल जोडून चित्रं बनवणाऱ्या सहा यंत्रांना, ती टीसीपीवर होती तोवर, चार-चार होत्या. थोडे क्लायंट नि प्रत्येकाला भरपूर वेग हवा, तिथे 'एनकनेक्ट' शोभतो.

बरेच वेगवेगळे सर्व्हर माउंट करणाऱ्यांनी पोर्टचाही हिशेब ठेवावा. एनएफएसचा क्लायंट १,०२४ च्या खालचा राखीव पोर्ट वापरतो, आणि लिनक्स त्यासाठी ६६५ ते १,०२३ एवढेच घेतं, म्हणजे ३५९. ऑटोमाउंट सकाळी शेकडो सर्व्हर एकदम जोडायला गेला, आणि मागच्या तुटलेल्या जोडण्यांचे पोर्ट अजून मोकळे झालेले नसले, की माउंट नाकारले जातात. 'नोरिझर्व्हपोर्ट'नं सुटका होते, फक्त सर्व्हरनंही तसे पोर्ट स्वीकारायला हवेत.

सर्व्हरवरचे एनएफएसडी थ्रेडही (क्लायंटांच्या विनंत्या उरकणारे हमाल) बघून घ्या. कित्येक वर्षं ही संख्या मुळात ८ असायची. २२० क्लायंटांना आठ हमाल कसे पुरतील? आमच्याकडे १२८ आहेत.

आरडीएमए: कधी घ्यायचं

आरडीएमएमध्ये नेटवर्क कार्ड डेटा थेट समोरच्या यंत्राच्या मेमरीत ठेवतं. मधली नकलानक्कल वाचते, प्रोसेसर मोकळा राहतो आणि उत्तर लवकर येतं. एनएफएस त्यावर चालतं, पोर्ट २००४९, माउंटमध्ये 'प्रोटो=आरडीएमए'. इन्फिनिबँड (क्लस्टरसाठीचं खास वेगवान नेटवर्क) असेल तर त्यावर, इथरनेट असेल तर रॉकी किंवा आयवॉर्पवर, म्हणजे इथरनेटवरून आरडीएमए नेणाऱ्या दोन पद्धतींवर. क्लस्टरमध्ये हिशेबाच्या कामासाठी इन्फिनिबँड आधीच बसवलेलं असेल, तर एनएफएससुद्धा आरडीएमएवर नेऊन पाहायला काहीच हरकत नाही. खर्च झालेलाच आहे.

नव्यानं घ्यायचं असेल तर आधी सर्व्हरच्या डिस्क मोजा. फिरणाऱ्या आठ डिस्क, प्रत्येकी सेकंदाला १५० एमबी धरल्या, तर सगळ्या मिळून १.२ जीबी देणार. दहा गिगाबिटची वायर १.२५ जीबी नेते. म्हणजे साधा टीसीपीच डिस्कला पुरून उरतो आणि आरडीएमएचा पैसा वाया. सर्व्हरमध्ये एनव्हीएमई (न फिरणाऱ्या, फार वेगवान) डिस्क भरल्या आणि वायर शंभर गिगाबिटची झाली, म्हणजे टीसीपीचा बोजा प्रोसेसरवर दिसायला लागतो. सर्व्हरचे कोर नेटवर्कच्याच कामात भरून गेलेत आणि डिस्क रिकाम्या बसल्यात, हे 'टॉप'मध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच कोटेशन मागवा.

रॉकीबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. रॉकीची दुसरी आवृत्ती यूडीपीच्या ४७९१ पोर्टवरून जाते, आणि तिला पॅकेट गळलेलं फार महागात पडतं. म्हणून स्विचवर पीएफसी, म्हणजे 'थांब' म्हणायची सोय, आणि ईसीएन, म्हणजे गर्दीची खूण, दोन्ही नीट बसवाव्या लागतात. एका स्विचवर चूक झाली तर 'थांब' हा निरोप मागे मागे सरकत जातो आणि ज्यांचा काही संबंध नाही तेही नोड थांबतात. हे सांभाळणारा माणूस तुमच्याकडे रोज हजर असणार का? बेळगावात आमच्यासारख्या छोट्या चमूत नेटवर्क बघणारी एकच व्यक्ती असते आणि ती रजेवरही जाते. आम्ही २०२१ मध्ये दोन महिने रॉकी चालवून पाहिलं. वेग चांगला मिळाला. पण एका फर्मवेअर अपडेटनंतर पीएफसीची सेटिंग पुसली गेली, आणि कारण सापडायला चार दिवस लागले. आम्ही टीसीपीवर परत आलो. चित्रं बनवणाऱ्या सहा यंत्रांसाठी एक छोटा इन्फिनिबँड स्विच वेगळा घेतला, तेवढ्यांना आरडीएमए दिलं. एका क्लस्टरमध्ये दोन प्रोटोकॉल ठेवण्यात काही कमीपणा नाही.

सुरक्षेचा विचारही इथेच करा. केर्बेरॉसची (ओळख पटवायच्या पद्धतीची) 'केआरबी५आय', म्हणजे डेटाची तपासणी, किंवा 'केआरबी५पी', म्हणजे डेटा गुप्त करणं, लावली, की प्रत्येक बाइट प्रोसेसरला तपासावा लागतो आणि थेट मेमरीत ठेवायचा आरडीएमएचा फायदाच निघून जातो. टीसीपीवर मात्र आता टीएलएससुद्धा (वाटेत डेटा गुप्त ठेवणारी पद्धत) मिळतं. त्याचं मानक २०२२ मध्ये आलं, आणि नव्या कर्नलवर 'एक्सपीआरटीसेक=टीएलएस' लिहून ते लागतं.

दुसऱ्या गावातल्या सर्व्हरसाठी हा प्रश्नच नको. आमच्या बेंगळुरूच्या ऑफिसला पिंग (निरोप जाऊन यायचा वेळ) १८ मिलिसेकंद लागतो. एक गिगाबिटवर एवढ्या अंतरासाठी सव्वादोन एमबी डेटा सतत वाटेत राहायला हवा, तरच वायर भरते. टीसीपीच्या साठवणीच्या मर्यादा तेवढ्या वाढवून ते जमतं. पण बारीक फाइलींच्या प्रत्येक प्रश्नाला १८ मिलिसेकंद लागणार, ते कुठलाच प्रोटोकॉल वाचवत नाही. तिथे माउंट न करता रात्री आरसिंकनं (फाइलींची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामनं) फाइली आणा.

तपासून मगच लावा

चाचणी चढत्या क्रमानं करा: १ नोड, ८, ३२, मग सगळे. आधी 'आयपर्फ३'नं नुसती वायर, मग 'एफआयओ'नं फाइली. दोन्हींत मोठी तफावत दिसली तर दोष वायरचा नाही. सरासरीवर जाऊ नका. सगळ्यात मागे राहिलेल्या नोडला किती वेळ लागला तो आकडा लिहून ठेवा, कारण समांतर जॉब त्याच्यासाठी थांबतो. जंबो फ्रेम लावल्या असतील तर 'पिंग -एम डू -एस ८९७२' प्रत्येक नोडवरून करा. वाटेतला एखादाच स्विच १,५०० वर राहिला, तर छोट्या फाइली व्यवस्थित चालतात आणि मोठ्या गोठतात.

माउंट चालू असताना 'रीमाउंट' केल्यानं प्रोटोकॉल बदलत नाही. पूर्ण काढून पुन्हा लावावं लागतं, म्हणून शेड्यूलरमधून आठ-आठ नोड रिकामे करत पुढे सरका. बदलल्यावर माउंटस्टॅट्समधली 'एक्सपीआरटी' ही ओळ वाचा. ओळीत 'टीसीपी' दिसलं तर टीसीपी, नाहीतर तुम्ही काय लिहिलंत याला अर्थ नाही.

शेवटची चाचणी मी कधी चुकवत नाही. सगळे नोड प्रत्येकी दहा जीबीची फाइल लिहीत असताना सर्व्हरची केबल उपसायची आणि चाळीस सेकंदांनी परत लावायची. नोडांच्या लॉगमध्ये 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग' येऊ शकतं, ते आलं तर नंतर 'ओके'ही यायला हवं, आणि एकाही प्रोग्रामला एरर मिळता कामा नये. मग २२० फाइलींचे शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेले ठसे) नोडच्या डिस्कवरच्या मूळ प्रतींशी जुळवायचे. गेल्या मार्चमध्ये ही चाचणी केली तेव्हा जुळवायलाच पावणेदोन तास लागले. २२० पैकी २२० जुळल्या, तेव्हा मी नवीन माउंटची ओळ सगळ्या नोडांसाठी कायम केली.